अकरा मांड्यांविषयी एकमत

इतिहास घडायला एक दुपार पुरते. मंजूर व्हायला मात्र त्याला किमान तीन सभा लागतात, आणि तिन्ही सभांना गणपूर्ती लागते. हे सत्य जगातल्या मोठमोठ्या राष्ट्रांना उशिरा कळलं. पाचोऱ्याच्या बाजूच्या नांदरखेडे आणि तामसखेडे या दोन गावांना ते १९८६ सालीच कळलं होतं, आणि तशी रीतसर नोंद आहे. (पान ३, डावी बाजू. उजव्या बाजूला तीन हरकती.)

गावं समोरासमोर, मधे नदी. नदीला पाणी चार महिने, दोन्ही काठांना अभिमान बारा महिने. वाचनालयाच्या अनुदानाला जी लोकसंख्या लागत होती, ती एकट्या गावाला जमेना. म्हणून दोघांनी मिळून एक संयुक्त सार्वजनिक वाचनालय काढलं. इमारत नांदरखेड्याच्या काठावर, पण दार तामसखेड्याच्या दिशेला, असा तोडगा निघाला. तो निघायला चौदा महिने लागले. तेवढ्या काळात इमारतीला दार नव्हतं आणि सभासद खिडकीतून आत उतरून सभा घेत. (गणपूर्ती तेव्हाही होत असे. लोकांना वाचनाची आवड असते ती अशी.)

याच वाचनालयात ग्रामकोशाचा जन्म झाला. कल्पना अध्यक्ष पितांबर नानांची. नाना एका सरकारी कचेरीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले होते, आणि चौतीस वर्षांच्या नोकरीत एकही कागद शेरा मारल्याशिवाय त्यांच्या टेबलावरून हलला नव्हता. घरी आल्यावर त्यांना शेरा मारायला काही उरलं नाही. तेव्हा त्यांनी दोन्ही गावांची समग्र माहिती गोळा करायचं मनावर घेतलं.

कोशाचं तत्त्व सोपं होतं, म्हणूनच त्यावर भांडता आलं. लांब टेबलावर एक जाड रजिस्टर. डाव्या पानावर कोणीही, अगदी कोणीही, गावाविषयी ठाऊक असेल ते लिहावं. उजव्या पानावर कोणीही हरकत घ्यावी. हरकत आली की चर्चा, चर्चेअंती एकमत, आणि मग नोंद कायम किंवा रद्द. मतदान नाही. मतदानाने गावात वैर येतं असं नानांचं म्हणणं होतं, आणि ग्रामपंचायतीच्या दोन निवडणुका पाहिलेल्या कोणालाही ते खोडता आलं नाही. एकमताची व्याख्याही नानांनीच करून ठेवली होती: ‘सर्व उपस्थितांचे बोलून संपल्यावर जे उरते ते एकमत.’ व्यवहारात त्याचा अर्थ असा निघाला की ज्याला घरी सगळ्यांत कमी काम, त्याचं मत शेवटी उरतं.

पहिल्या दोन वर्षांत डाव्या पानांवर २१२ नोंदी झाल्या आणि उजव्या पानांवर १,९४० हरकती. केवळ हरकतींसाठी चार स्वतंत्र रजिस्टरं बांधून घ्यावी लागली (चाळीसगावहून, जवळच्या बाइंडरवर एका सभासदाची हरकत होती). २१२ पैकी १८१ नोंदी एकमताने रद्द झाल्या. उरलेल्या ३१ पैकी २६ नोंदी या नोंदी कशा कराव्यात याविषयीच्या होत्या. म्हणजे दोन गावांची प्रत्यक्ष माहिती पाच नोंदींत मावली. नानांना याचं फार समाधान होतं. “थोडं आहे, पण निखळ आहे,” असं ते पाहुण्यांना सांगत.

त्या पाचांत ‘नांदरखेडे–तामसखेडे डांबरी रस्ता’ ही नोंद सगळ्यांत भक्कम मानली जाई. तिला छापील सरकारी आधार होता. (रस्ता नव्हता.) उलट गावाबाहेरच्या मोठ्या चिंचेची नोंद रद्द झाली, कारण चिंच आहे असं कुठे छापून आलेलं नव्हतं. ज्या सभेत ती रद्द झाली, ती सभा उन्हाळ्यामुळे त्याच चिंचेखाली घेतली होती.

छापील आधार हा नियम चौथा. पाचवा त्याहून बारकाईचा: ज्याचा विषयाशी जवळचा संबंध, त्याने त्या विषयावर बोलू नये. माहीत असलेला माणूस पक्षपाती असतो. ज्याला काहीच माहीत नाही तो निःपक्षपाती. या नियमामुळे विहिरींवर विहीर नसलेले बोलत, केळीवर जिरायती शेतकरी बोलत, आणि बाळंतपणाच्या रूढींवर सात पुरुषांची उपसमिती नेमली गेली. चर्चेची पातळी त्यामुळे फार उंच राहिली.

या सगळ्याचं इतिवृत्त लिहायचं काम अभिमनकडे होतं. अभिमन हा नांदरखेड्याच्या प्राथमिक शाळेतला गुरुजी, वय अडतीस, वाचनालयाचा चिटणीस. त्याचं अक्षर असं होतं की शाळेच्या फळ्यावरचा सुविचार लोक अर्थाकडे दुर्लक्ष करूनही वाचत. चिटणीसपदाला मानधन नव्हतं. पण कपाटाची किल्ली होती आणि हातांची खुर्ची होती. बाकीचे सगळे, नाना सोडून, बाकावर बसत. अभिमन स्वभावाने भांडखोर नव्हता. नियमांवर त्याचा मनापासून विश्वास होता, जसा चांगल्या अक्षराच्या माणसांचा असतो. कोणाचीही नोंद रद्द झाली की तो लाल शाईने इतकी सरळ रेघ ओढायचा, की ज्याची नोंद गेली तोही रेघेचं कौतुक करून घरी जायचा.

१९८८च्या जानेवारीत त्याने स्वतः पहिल्यांदा डाव्या पानावर एक नोंद केली. विषय: आखाजीचा बार.

बार म्हणजे काय ते सांगायला हवं. आखाजीच्या सणाला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, आणि मग दोन्ही गावच्या बायका नदीच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींच्या गावाचा उद्धार करतात. गाण्यात, चालीवर, हात नाचवून. वर्षभर जे पदराआड गिळलेलं असतं ते त्या दिवशी नदीपार जातं. त्याला कोणी रागवायचं नसतं. रागावलेला माणूस पुढच्या वर्षीच्या गाण्यात येतो.

अभिमनने नोंदीत एक कडवं लिहिलं होतं. चाळीस वर्षं दर आखाजीला ते नदीवर गायलं जात होतं:

अकरा मांडा खायी गया,
तूपनी वाटी चाटी गया,
पोर काई शे म्हनी गया,
हात पुशी निंघी गया!

काई म्हणजे काळी. मांडा म्हणजे खापरावर भाजलेली हातभर रुंद पुरणपोळी. धडधाकट माणूस दीड खातो आणि उरलेल्या अर्ध्याकडे आदराने बघतो. ज्याने अकरा खाल्ले ते तामसखेड्याचे जीवराम आप्पा. १९४८ साली नांदरखेड्याला मुलगी बघायला आले, पोटभर जेवले, मुलगी काळी आहे म्हणाले आणि गेले. मुलगी सतरा वर्षांची होती. महिन्याभराने आखाजी आली, तेव्हा ती नदीवर गेली आणि तिने हे कडवं पलीकडच्या काठाला ऐकवलं. जीवराम आप्पा पुढे सरपंच झाले, वाचनालयाला त्यांनी कपाट दिलं, १९७९ साली वारले. पण अकरा मांडे काही त्यांच्या मागचे सुटले नाहीत.

त्या मुलीचं नाव नर्मदाबाई. पुढच्याच वर्षी तिचं लग्न गावातल्या गावात, दोन गल्ल्या सोडून झालं. (त्यामुळे आखाजीला माहेरी जायला तिला गाडी जुंपावी लागली नाही.) अभिमन तिचा मुलगा.

नोंदीच्या शेवटी त्याने लिहिलं होतं: ‘रचना: नर्मदाबाई.’ रेशनकार्ड सोडलं तर आईचं नाव शाईने कुठे लिहिलं जाण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि रेशनकार्डावरही ते वडिलांच्या नावाखाली होतं. रविवारी वाचनालयात कोणी नसताना तो तिला घेऊन गेला. तिला वाचता येत नव्हतं. तिने पान बराच वेळ पाहिलं.

“मन्हं नाव कोठे शे?”

अभिमनने बोट ठेवून दाखवलं. तिने त्याचं बोट बाजूला करून स्वतःचं ठेवलं.

“इतलं बारीक? मी कवय इतली बारीक व्हतू?” म्हणाली आणि हसली. घरी जाताना तिने दोन ठिकाणी थांबून दोन बायकांना सांगितलं की आपण रजिस्टरात आहोत. अभिमनला त्या दिवशी जे वाटलं ते डी.एड. झाल्यावरही वाटलं नव्हतं.

हरकत आठव्या दिवशी आली. हरकतदार बन्सीलाल, कै. जीवराम आप्पांचा मुलगा.

बन्सीलाल वाईट माणूस नव्हता, हे इथे नमूद केलं पाहिजे. लहानपणी दर आखाजीला नदीपलीकडून बापाचं नाव घेऊन पन्नास बायका गायला लागल्या की तो घरात कणगीमागे जाऊन बसे. आता तो सदतीस वर्षांचा होता, आणि तेच कडवं त्याच्या बापाने दिलेल्या कपाटात, सुंदर अक्षरात, किल्ली लावून ठेवलेलं होतं. त्याने उजव्या पानावर लिहिलं: ‘सदर मजकूर बदनामीकारक, निराधार व पचनशास्त्राच्या विरुद्ध आहे.’

पहिली सभा भरली. नानांनी अभिमनला नियम पाचवा वाचून दाखवायला सांगितला. अभिमनने स्वच्छ आवाजात वाचला, आणि त्या क्षणापासून त्याला या विषयावर बोलायची बंदी झाली. मुलगा म्हणजे जवळचाच. नर्मदाबाईंना विचारावं का, असं एकाने सुचवलं. त्या तर सगळ्यांत जवळच्या निघाल्या. शिवाय तोंडी माहिती कोशात चालत नाही.

“मन्हा बाप खावाले बठना, तवय मोजाले कोन बठेल व्हतं?” बन्सीलालने विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. छापील आधार आणा, असं ठरलं.

छापील आधाराची सोय गावातच होती. नांदरखेड्याचा छगन हा पाचोऱ्याच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार. त्याने पुढच्याच अंकात छापलं: ‘नांदरखेडे येथील ग्रामकोशानुसार कै. जीवराम आप्पांनी अकरा मांडे खाल्ल्याचे समजते.’ कोशाने लगेच या बातमीचा आधार घेतला आणि नोंद भक्कम झाली. मग बन्सीलाल छगनला चहाला घेऊन गेला. पुढच्या अंकात आलं: ‘जाणकारांच्या मते हा आकडा दोन असावा.’ आता दोन छापील आधार झाले, एकाच साप्ताहिकाचे, एकाच बातमीदाराचे. नानांनी दोन्ही आधार सारखेच विश्वसनीय मानले, जे खरंही होतं, आणि सरासरी काढायला सांगितली. ती साडेसहा आली. अर्ध्या मांड्यावर एकमत होईना, म्हणून प्रात्यक्षिकाचा ठराव झाला.

ठराव क्रमांक ४१: ‘मनुष्यास एका बैठकीत अकरा मांडे खाता येतात किंवा कसे, याची समितीने समक्ष खात्री करावी.’ आठ सभासदांची समिती. स्थळ: अभिमनचं घर, कारण मोठं खापर तिथे होतं. पुरण, लाटणं, भाजणं: सदरहू घरातील महिला. नर्मदाबाई त्या रविवारी पहाटेपासून चुलीशी होत्या. समिती आपलं गाणं ऐकायला येते आहे, असा त्यांचा समज झाला होता. अभिमनने तो दुरुस्त केला नाही. त्याला धीर झाला नाही.

समिती ओळीने बसली. नानांनी साडेचार मांड्यांवर डाव्या कुशीचा आधार घेतला. छगनने पाच केले. बन्सीलालने तत्त्व म्हणून दोनच खाल्ले, पण तिसऱ्याकडे तो बघत राहिला हे सगळ्यांनी पाहिलं. एकूण मांडे २९, सरासरी ३.६२५. अभिमन वाढत होता आणि लिहीत होता. चुलीपासून समिती चार हातांवर बसली होती. बन्सीलालने पुन्हा तोच प्रश्न काढला, मोजायला कोण बसलं होतं. तेव्हा आतून आवाज आला:

“लाटनारी मोजस, भाऊ.”

समितीने तिकडे पाहिलं नाही. तोंडी माहिती होती.

हात पुसत सगळे उठले. निघताना नाना दारात थांबले आणि मोठ्या मनाने म्हणाले, “पुरण उत्तम होतं हो. वेलदोडा किंचित कमी.” नर्मदाबाई हातातली उलथणी घेऊन दाराशी उभ्या होत्या. अभिमनने खाली मान घातली. लाज वाटत होती, ती कोणाची ते त्याला नीट ठरवता येईना.

समितीचा अहवाल स्पष्ट होता. आठ जणांपैकी कोणालाही अकरा मांडे खाता आले नाहीत. सबब ते १९४८ सालीही कोणी खाल्ले नसावेत. जीवराम आप्पा त्या काळी बावीस वर्षांचे होते आणि तालमीत जात, असं कोणीतरी पुटपुटलं. तालीम छापलेली नव्हती.

तरीही नोंद सरळ रद्द करणं नानांना रुचेना. कोश म्हणजे समन्वय, असं ते म्हणत. मजकूर सर्वांना मान्य होईल असा करून घ्यावा. मग तीन रविवार दुरुस्तीचं काम चाललं, आणि ते इतकं खेळीमेळीत झालं की तामसखेड्याचे लोक घरून शेंगा घेऊन येऊ लागले.

पहिल्या रविवारी ‘अकरा’चं ‘अनेक’ झालं. मग ‘अनेक’ हा शब्द सूचक वाटतो म्हणून ‘काही’. कडवं चालीत बसेनासं झालं. तेव्हा ते कडवं आहे हा उल्लेखच काढला आणि मजकूर सलग लिहिला. दुसऱ्या रविवारी तुपाच्या वाटीवर अडीच तास गेले. चाटणं ही कृती सिद्ध करता येत नसल्याने ‘तुपाचा वापर झाला’ यावर एकमत झालं. ‘पोर काई शे’ या ओळीला बन्सीलालचा कडाडून विरोध होता; आपला बाप असं बोलणारा नव्हता, असं तो म्हणाला. नांदरखेड्याचे लोक म्हणाले, बोललाच होता. दोन्ही बाजूंचा मान राखून नानांनी वाक्य सांगितलं आणि अभिमनने ते लिहून घेतलं: ‘वधूच्या वर्णाविषयी मतमतांतरे आहेत.’

ते वाक्य लिहिताना त्याच्या हातून शाईचा डाग पडला. चिटणीसपदाच्या काळातला तो पहिला डाग. नानांनी चष्म्यावरून पाहिलं, पण शेरा मारला नाही.

तिसऱ्या रविवारी नावाचा प्रश्न आला. गाणं उरलं नसताना गाणं रचणारीचं नाव कशाला, हा मुद्दा तामसखेड्याने नव्हे, नांदरखेड्याच्याच एकाने काढला. त्याचा हेतू शुद्ध होता. त्याला घरी जायचं होतं. ‘रचना: नर्मदाबाई’च्या जागी ‘स्थानिक महिलांपैकी काहींकडून मिळालेल्या माहितीनुसार’ असं घालावं, असं ठरलं. अभिमनने लाल शाईने रेघ ओढली. सरळ आली. पण कौतुक करायला तिथे कोणी नव्हतं. ज्याची नोंद गेली त्यानेच ते करायचा प्रघात होता.

अशा रीतीने तयार झालेला सर्वसंमत मजकूर खालीलप्रमाणे:

‘स्थानिक महिलांपैकी काहींकडून मिळालेल्या माहितीनुसार, सन १९४८च्या सुमारास कै. जीवराम आप्पा यांनी नांदरखेडे येथे सदिच्छा भेट देऊन अल्पोपाहार घेतला. तुपाचा वापर झाला. वधूच्या वर्णाविषयी मतमतांतरे आहेत. हवा कोरडी होती.’

(हवेचं वाक्य छगनचं. का, ते कोणालाच कळलं नाही. पण त्यावर कोणाची हरकत नसल्यामुळे संपूर्ण नोंदीत तेच सर्वाधिक भक्कम ठरलं.)

मग चैत्रातल्या एका रविवारी सकाळी बन्सीलाल उठून उभा राहिला आणि फार शांतपणे म्हणाला, “नाना, कोणी कोणाच्या गावी जाऊन अल्पोपाहार घेतला, यात कोशात ठेवण्यासारखं काय आहे?”

सभेने मजकूर पुन्हा वाचला. खरोखरच काही नव्हतं. तीन रविवार राबून सभेने त्यातलं सगळं काढलं होतं, आणि आता त्यात काही नाही हे तिच्या ध्यानात आलं. नोंद रद्द करण्याचं सबळ कारण मिळालं.

नानांनी चष्मा काढून पुसला. “नोंद क्रमांक दोनशे तेरा रद्द करण्यास कोणाची हरकत?”

उपस्थिती तेवीस होती. त्या तेवीसपैकी वीस जणांना तरी मूळचं कडवं तोंडपाठ होतं. बन्सीलालला तर सगळ्यांत जास्त. पंखा फिरत होता. बाकावरचा एकजण शेंग सोलायचा थांबला. अभिमन हातांच्या खुर्चीत होता. नियम मोडून बोललं असतं तर काय झालं असतं? चिटणीसपद गेलं असतं. कपाटाची किल्ली गेली असती. नाना आठवडाभर रागावले असते. त्याने हा सगळा हिशेब करून पाहिला आणि नुकसान फारसं नाही, हेही त्याला कळलं. तरी तोंड उघडेना. इतके सगळे गप्प असताना आपण एकट्याने बोलणं त्याला सभ्यपणाचं वाटेना.

“कोणाची हरकत?” नाना दुसऱ्यांदा म्हणाले.

“कोणाची हरकत?” तिसऱ्यांदा.

“एकमताने रद्द,” नाना म्हणाले आणि सभेला चहा आला.

अभिमन घरी गेला तेव्हा नर्मदाबाई अंगणात सुपाने दादर ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप थांबवलं नाही.

“काय झायं?”

“एकमत झायं, माय.”

“काय एकमत?”

“नोंद काढी टाकी.”

“मन्हं नाव?”

“ते मांगला रविवारलेच गयं.”

सूप थांबलं. “तू काय बोलना?”

“माले बोलता येत नही. नियम शे. मी घरना मानूस.”

नर्मदाबाईंनी सूप मांडीवर ठेवलं. रागावल्या नव्हत्या. शाळेत नापास झालेल्या मुलाकडे बघावं तशा त्या त्याच्याकडे बघत होत्या, आणि हा मुलगा आयुष्यात कधी नापास झालेला नव्हता.

“तामसखेडावाला माले देखाले उनात ना, तवय वसरीमा सतरा मानसं बठेल व्हतात,” त्या म्हणाल्या. “मन्हा बाप, मन्हा काका, दोन मामा. बठ्ठा घरनाच. तो काई शे म्हने नि हात पुशी निंघी गया. एक मानूस बोलना नही. तवयबी एकमतच व्हतं. म्हनीसन तं मी नदीवर गऊ.”

आणि त्यांनी सूप पुन्हा उचललं.

अभिमन आत गेला, हातपाय धुतले, आणि सभेचं इतिवृत्त लिहायला बसला. ते त्याच दिवशी पुरं करायचा नियम होता. अक्षर नेहमीसारखंच आलं. ‘उपस्थित: तेवीस. हरकत: कोणाचीही नाही.’ खाली त्याने सही केली. त्या रात्री तो जेवला नाही, पण ही बाब इतिवृत्ताच्या कक्षेत येत नाही.

महिन्याने आखाजी आली. गुडघे दुखत असूनही नर्मदाबाई नदीवर गेल्या. त्या वर्षी तिथे आठ माणसं, एकोणतीस मांडे आणि वेलदोडा यांविषयी काहीतरी नवं गायलं गेलं असं ऐकिवात आहे. तामसखेड्याच्या बायकांनीही पलीकडून ते उचललं आणि त्यात बन्सीलालची बायको पुढे होती, असंही म्हणतात. परंतु याला छापील आधार नाही, सबब ते कडवं इथे देता येत नाही. ग्रामकोश आजही आहे. नोंदी पाच.

सभेच्या इतिवृत्ताला मात्र शेवटी एक छोटी दुरुस्ती करावी लागली. ती अशी, की वाचकहो, आपणही पहिल्या ओळीपासून तिथे बसला होता. मांडे किती, पोर कशी, नाव कोणाचं खोडलं, सगळं आपल्यासमोर झालं. मतमतांतरांच्या वाक्याला तर आपण हसलातही. नानांनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. आपण काही बोलला नाहीत. तेव्हा उपस्थितांची संख्या तेवीसऐवजी चोवीस वाचावी.